दोन किल्ल्यांची तिजोरी

बँकेच्या जुन्या शाखेतली तिजोरी भंगारात निघाल्याची बातमी नानांना न्हाव्याच्या दुकानात कळली. गालाला साबण लागलेला, त्यामुळे लगेच काही बोलता येईना. शेजारच्या खुर्चीत त्याच शाखेतला शिपाई बसला होता. तो सांगत होता की शाखा नव्या काचेच्या इमारतीत गेली, जुनी इमारत महिन्याभरात पाडणार, कपाटं-टेबलं सगळी हलली, पण ती एक धोंड काही हलेना. आता भंगारवाला गॅसकटर घेऊन येणार आणि जागेवरच तिचे तुकडे करणार. नानांनी अर्ध्या दाढीनिशी मान वळवली.

"नाना, मान सरळ," न्हावी म्हणाला. "कान जाईल."

नाना त्या शाखेत तीस वर्षं हेडकॅशियर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत ते शाखेच्या वाटेलाही गेले नव्हते. मुद्दाम पलीकडच्या रस्त्यानं भाजी आणायचे. पण त्या दिवशी ते न्हाव्याकडून थेट शाखेत गेले आणि नव्या मॅनेजरसमोर उभं राहून म्हणाले, "भंगारवाला जे देणार ते मी देतो. पण तिला कापू नका."

मॅनेजर तरुण होता. त्यानं आधी नानांकडे पाहिलं, मग त्यांच्या कानामागे राहिलेल्या साबणाकडे पाहिलं, आणि हो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं सोपं असतं, हे त्याला त्याच्या घरी कळलेलं असावं.

घरात सांगायला नानांना आणखी तीन दिवस लागले. सकाळचा चहा चालला होता. मुलगा कामावर जायच्या घाईत, सून शाळेच्या वह्या पिशवीत भरत होती. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न सरळ आला.

"वजन किती, बाबा?"

"सतराशे किलो."

मुलानं कपाळावर हात मारला आणि तो कामावर निघून गेला. सून मात्र खुर्ची ओढून बसली.

"सतराशे किलो म्हणजे?"

"म्हणजे असं समज, पंचवीस माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी आहेत."

"ती पंचवीस माणसं निदान संध्याकाळी आपापल्या घरी तरी जातील," सून म्हणाली. "आणि आपण तिच्यात ठेवणार काय? माझ्या दोन बांगड्या आणि तुमचं पेन्शनचं पुस्तक?"

"काही ठेवायचं नाही."

सुनेनं वह्यांची पिशवी खाली ठेवली. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर सासऱ्यांनी स्वतःसाठी एक रुमालही मागितला नव्हता. आज मागितलं ते हे. "पुढच्या खोलीतलं कपाट मग आमच्या खोलीत घ्यावं लागेल," ती म्हणाली, आणि नाना समजले की काम झालं.

आता या तिजोरीचं नानांना एवढं काय होतं, ते सांगायला हवं.

ती दोन किल्ल्यांची तिजोरी होती. एक किल्ली हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही किल्ल्या फिरल्याशिवाय दार उघडत नाही, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या हाती कधी द्यायच्या नाहीत, हा नियम. नाना तिशीत हेडकॅशियर झाले तेव्हा दुसरी किल्ली ज्यांच्याकडे आली, त्यांना शाखेत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. शाखेत त्या एकट्याच बाई अधिकारी होत्या, त्यामुळे दुसरं काही म्हणायची गरजच पडली नाही. बाई पंचविशीच्या, उंच, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या. आधी त्यांची किल्ली अर्धा वळसा फिरवायची, मग नानांची पूर्ण, मग परत त्यांची. तिजोरीची खोली एवढीशी, बिनखिडकीची. त्या दोघांखेरीज तिथे कोणाला यायची परवानगी नव्हती. सकाळी उघडताना अडीच-तीन मिनिटं आणि संध्याकाळी बंद करताना तेवढीच.

एकोणीस वर्षं हे चाललं. त्या अडीच मिनिटांत बाई काय काय सांगायच्या. धाकट्या भावाचं लग्न ठरलं, मोडलं, परत ठरलं. चष्म्याचा नंबर वाढला. आई आता एकटी राहू शकत नाही, पण गाव सोडायला तयार नाही. नानाही बोलायचे. बाहेर काउंटरवर आले की दोघं आपापल्या जागी बसत आणि दिवसभर कामापुरतं बोलत. नानांचा संसार उत्तम चालला होता. बायको समजूतदार, मुलगा हुशार. कशालाही बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरी रविवारी, सुट्टीच्या दिवशीही, सकाळी दहाला पाच कमी असताना त्यांचा हात आपोआप किल्लीच्या खिशाकडे जायचा. या गोष्टीला काय म्हणतात याचा नानांनी कधी शोध घेतला नाही. घेतला असता तर सापडलं असतं, म्हणून घेतला नाही.

मग एका वर्षी बाईंची आई वारली. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या, आणि महिन्याच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. कारण सांगितलं नाही. किल्लीच्या वहीत सही करून किल्ली नव्या अधिकाऱ्याकडे दिली आणि गेल्या. त्याला बावीस वर्षं झाली. आपलं काय चुकलं, की चुकलंच नाही, हा प्रश्न नानांच्या मनात घर करून राहिला होता. आता घरालाच त्याच्या मापाचं फर्निचर येणार होतं.

तिजोरी हलवणारा मुकादम बुटका, रुंद खांद्यांचा, पन्नाशी उलटलेला माणूस होता. तो आधी घर बघायला आला. पुढच्या खोलीत त्यानं चार ठिकाणी टाच आपटली आणि कान दिला.

"फरशीखाली पोकळ आहे. तळमजला आहे म्हणून वाचलात. एवढा तुकडा उकरून काँक्रीट टाका, आठवडाभर पाणी मारा. दाराची चौकट काढावी लागेल."

"दार?"

"दार नाही, चौकट. दार तर निघेलच." मग त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, एक विचारू? आत काही आहे का? म्हणजे आमच्या जबाबदारीचा प्रश्न म्हणून."

"रिकामी आहे."

"रिकामी तिजोरी एवढ्या दगदगीनं नेणारे तुम्ही पहिलेच," मुकादम म्हणाला. पण त्यात चेष्टा नव्हती. माणसं काय काय जपतात ते त्यानं पुष्कळ पाहिलं होतं. एकदा एका बाईंचा फुटका पाटा त्यानं चार मजले चढवून दिला होता.

ठरल्या दिवशी नाना सकाळीच जुन्या शाखेत पोचले. बँकेचा हॉल मोकळा, भिंतींवर काढलेल्या पाट्यांचे पांढरे चौकोन. मॅनेजरनं पाकीट दिलं. आत दोन्ही किल्ल्या एकाच सुतळीत बांधलेल्या होत्या. या दोन किल्ल्या अशा एकत्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. कोपऱ्यात जाऊन त्यांनी सुतळी सोडली, एक किल्ली डाव्या खिशात घातली, एक उजव्या.

मुकादमाची माणसं चार. त्यांनी आधी तिजोरीच्या पायाचं काँक्रीट फोडलं. मग एका बाजूनं पहार घालून बोटभर उचलायची, खाली फळीचा तुकडा सारायचा, मग दुसऱ्या बाजूनं बोटभर. असं करत तासाभरात ती चार बोटं वर आली. खाली लोखंडी नळ्या घातल्या. मुकादम म्हणाला, "आता कोणी जोर करायचा नाही. रुसलेल्या पाहुण्यासारखं आहे हिचं. ओढलं तर हटून बसेल, नुसती वाट दाखवत न्यायची." आणि खरोखरच, एवढी मोठी वस्तू नळ्यांवरून सरकू लागली तेव्हा आवाज अगदी थोडा झाला. मागची नळी मोकळी झाली की उचलून पुढे आणायची, की ती आणखी हातभर पुढे. तिजोरी त्या खोलीच्या दारातून बाहेर आली तेव्हा नानांना वाटलं, हिनं हॉल कधी पाहिलाच नसेल.

अडचण बाहेरच्या तीन पायऱ्यांची होती. त्यांवर जाड फळ्या टाकल्या, तिजोरीला साखळी बांधली, साखळीची कप्पी हॉलमधल्या खांबाला अडकवली आणि एकेक कडी सोडत तिला उतारावर घेतलं. अर्ध्यावर आली असेल नसेल, डावीकडची फळी कडाडली. तिजोरी त्या अंगाला कलली आणि साखळी ताणून थरथरत उभी राहिली. क्षणभर कोणी हललं नाही. फक्त नाना हलले. ते पुढे धावले आणि त्यांनी दोन्ही हात तिजोरीला लावले, पडणाऱ्या माणसाला सावरावं तसे.

"हात काढा." मुकादम ओरडला नाही, पण असं बोलला की नानांचे हात मागे आले. "साहेब, ही पडायची ठरली तर तुमच्यासकट पडेल. बाजूला व्हा."

त्यानं स्वतः पोटावर झोपून खाली पाचर ठोकली, मग दुसरी. मोडक्या फळीला जोड दिला. वीस मिनिटांनी तिजोरी रस्त्यावर होती आणि नाना पायरीवर बसून हातांकडे बघत होते. तळव्यांना जुन्या रंगाची हिरवी भुकटी लागली होती. मुकादम शेजारी येऊन बसला, टॉवेलनं मान पुसली.

"कोणाची होती?" त्यानं विचारलं.

"बँकेची."

"ते झालं," मुकादम म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून उठला.

क्रेनच्या गाडीनं तिला घरापर्यंत आणलं. गल्लीतली सगळी बिऱ्हाडं दारात. तिसऱ्या घरच्या आजोबांनी आपल्या बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की, बँक नानांच्या घरीच यायला लागली, आता रांगेत उभं राहायला नको. चौकट काढलेल्या दारातून, भिंतीला दोन्हीकडे जेमतेम दोन बोटं राखून ती आत गेली आणि दुपारी तीनच्या सुमारास नव्या काँक्रीटवर बसली. बसताना सगळ्या घराला एक हलका धक्का जाणवला. स्वयंपाकघरात फडताळातले पेले किणकिणले.

चहा पिता पिता एक हमाल म्हणाला, "एकदा उघडून तरी दाखवा, एवढी आणली तर."

"तिला दोन माणसं लागतात," नाना म्हणाले.

"मी फिरवतो की एक किल्ली."

नानांनी कप खाली ठेवला, परत उचलला. "नको," ते म्हणाले. "राहू दे."

सून हे दारात उभी राहून ऐकत होती. सगळे गेल्यावर तिनं खोली झाडली, परत बसवलेल्या चौकटीचा भुसा भरला, आणि मग अगदी सहज, पाठ वळवलेलीच ठेवून विचारलं, "दुसरी किल्ली कोणाकडे असायची, बाबा?"

"एक बाई होत्या."

"आहेत का?"

"काय माहीत."

सुनेचं कसब असं की तिला नको ते विचारायची सवय नव्हती आणि हवं ते शोधायचा कंटाळा नव्हता. तिनं शिपायाला गाठलं, शिपायानं एका निवृत्त कारकुनाला, आणि चौथ्या दिवशी एका कागदावर नंबर लिहून तो कागद नानांच्या चष्म्याच्या घरात ठेवला. नानांनी तो नंबर पाच दिवस नुसता वाचला. सहाव्या दिवशी लावला.

"तिजोरी?" पलीकडून बाई म्हणाल्या. "आपली ती? घरी?" आणि हसू लागल्या. नानांना ते हसू आठवत नव्हतं. त्या खोलीत मोठ्यानं हसायची सोयच नव्हती. "नाना, तुम्हाला वेड लागलंय. पुढच्या मंगळवारी डोळे दाखवायला तुमच्या शहरात यायचंय मला. बघून जाईन."

मंगळवारी नानांनी सकाळपासून तीन वेळा शर्ट बदलला. तिजोरीची पितळी मूठ घासून लख्ख केली. सून शाळेत जाताना बजावून गेली, "बाबा, चहाला दूध आहे, साखर डाव्या डब्यात. आणि त्यांना आधी बसू द्या, लगेच तिजोरी दाखवत सुटू नका."

बाई चारला आल्या. केस सगळे पांढरे, चष्मा आणखी जाड, एका डोळ्याला हिरवी पट्टी. उंची मात्र तेवढीच. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, भिंतीवरच्या नानांच्या बायकोच्या फोटोकडे वळल्या. "मला कळलं होतं," म्हणाल्या. "पत्र लिहिणार होते." मग उठून तिजोरीपाशी गेल्या आणि एका बोटानं तिच्या कडेवरून रेघ ओढली.

"अगदी तशीच आहे हो."

नानांनी उजव्या खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. बावीस वर्षांत हा एवढा क्षण त्यांनी किती वेळा मनात घोळवला होता. त्यात बाई किल्ली घेत आणि पुढचं सगळं आपोआप होई.

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"ती मी एकदा दिली, नाना. सही करून दिली. आता नाही घेणार."

"का?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

नानांना त्या दिवसाचं आठवत होतं ते असं: आई अत्यवस्थ असल्याची तार आली, बाईंचा चेहरा उतरला, आणि नानांनी त्यांची बॅग उचलून बसस्थानकापर्यंत नेली, खिडकीची जागा मिळवून दिली. त्यांनी ते सांगितलं.

"ते पावणेचारला," बाई म्हणाल्या. "तार आली अकराला. मॅनेजर हेडऑफिसला गेलेले. किल्ली द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी तुमच्याकडे आले, म्हटलं, ठेवता का आजच्या दिवस? तुम्ही काय म्हणालात?"

मग ते नानांना आठवलं, एकदम, काउंटरच्या जाळीसकट. बाई उभ्या होत्या, पर्स खांद्याला लावलेली. आणि ते मान खाली घालूनच म्हणाले होते: दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे राहू शकत नाहीत, बाई. नियम आहे.

"साडेतीनला मॅनेजर आले. मी सातला पोचले. आई पाचला गेली. माझं नाव घेत होती म्हणे."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली.

"तुमचं चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नियम तसाच होता. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण नंतर रोज सकाळी तुमच्या शेजारी उभं राहायचं आणि ती किल्ली फिरवायची, हे जमेना. त्या खोलीत मी तुम्हाला जेवढं सांगितलं, तेवढं आईलाही सांगितलं नव्हतं. परक्या माणसाचा एवढा राग येत नाही, नाना."

नानांनी किल्ली मुठीत मिटली. "मी म्हणायला हवं होतं, जा. टेबलावर ठेवा आणि जा. पुढचं मी बघतो."

"हो. म्हणायला हवं होतं." बाईंनी चष्मा काढून रुमालानं मोकळा डोळा टिपला. "तुम्ही म्हटलं असतं तरी मी गेले नसते कदाचित. किल्ली टेबलावर टाकून जाणाऱ्यातली मी नव्हते. पण म्हणायला हवं होतं."

मग नानांनी चहा केला. साखर उजव्या डब्यात शोधत बसले, तेव्हा बाईच आत आल्या आणि त्यांनी डावा डबा उघडला. दोघं स्वयंपाकघरात उभ्यानंच चहा प्यायले. बाईंनी भावाच्या नातवंडांचं सांगितलं, नानांनी मुकादमाचं आणि मोडलेल्या फळीचं. तिजोरीला हात लावायला धावलो हे सांगितल्यावर बाई त्यांच्याकडे नीट, एका डोळ्यानं, बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हे असलं तेव्हा कुठे होतं?"

नानांनी दोन्ही कप विसळायला घेतले.

टॅक्सीत बसताना त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. पण येईनच असं नाही." नानांनी दार लावून दिलं. टॅक्सी वळली तरी ते तिथेच उभे राहिले. तिसऱ्या घरच्या आजोबांनी दोनदा हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

संध्याकाळी त्यांनी ती किल्ली सुनेच्या हातात ठेवली. "आधी तू अर्धा वळसा," म्हणाले. सुनेनं काही न विचारता फिरवली. दार उघडलं. आत कागदाचा आणि तेलाचा थोडासा वास होता, बाकी काही नाही. सून आत डोकावून म्हणाली, "जाड पांघरुणं मावतील," आणि दुसऱ्या दिवशी तिनं ती ठेवलीही.

पुढच्या महिन्यात बाई आल्या नाहीत. त्यांच्या गावाजवळच डोळ्याचं काम झालं, नीट झालं, असं त्यांनी फोनवर कळवलं. नाना म्हणाले, "छान झालं," आणि फोन ठेवल्यावर घासलेल्या त्या पितळी मुठीकडे बघत बसले.

पण त्यानंतर अधूनमधून फोन येऊ लागला. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला, कधी दहा दिवस नाहीच. नाना आपणहून करत नसत. एकदा ज्यांना अडवलं त्यांना आता आपल्या वेळेला बांधायचं नाही, असं काहीसं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. फोन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ते मोबाइल भाजी आणताना नेत, फिरायला नेत, न्हाणीघरातही खुंटीला पिशवीत टांगून ठेवत. एकदा साबणाच्या हातानं घाईघाईत उचलला, तर तो कुठल्यातरी विमेवाल्याचा निघाला. विमेवाल्यानं विचारलं, आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकतो का. नाना म्हणाले, बोला, आणि अंगावर पाणी वाळेपर्यंत त्याचं सगळं ऐकून घेतलं.